गावाकडं गॅजेट का टिकत नाहीत, आणि पुढचं घेण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा: दारव्हा तालुक्यातलं गाव. दोन-अडीच वर्षांत पॉवर बँक, ब्लूटूथ स्पीकर, स्मार्ट घड्याळ, कानातले बड्स, शेतावर लावायचा सोलर कॅमेरा आणि फवारणीचा बॅटरी पंप अशी खरेदी झाली. सोयाबीनचा पैसा आला की एक वस्तू, कापूस गेला की दुसरी. आता निम्म्या वस्तू बंद पडल्यात, घरचे बोलतात, तरी मोबाईलवर नवीन काही दिसलं की घेऊन पाहावंसं वाटतंच. यापुढं काय घ्यावं आणि कसं?

भाऊ, यादी परत एकदा वाचा. सहाच्या सहा वस्तू बॅटरीच्या आहेत. त्यातली एकही फार वापरून मेली असेल असं वाटत नाही. गावाकडं या वस्तू तीन कारणांनी जातात: रिकाम्या पडून राहतात, उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत चार्ज होतात, किंवा लाईन गडबड करते. म्हणून सातवी वस्तू घ्यायचीच असेल तर ती मोजायची घ्या. एक डिजिटल मल्टिमीटर आणि एक यूएसबी टेस्टर, म्हणजे चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा काडेपेटीएवढा मीटर. दोन्ही मिळून हजाराच्या आत बसतात. हौसही भागते, आणि दुकानदार जे सांगतो ते घरी बसून पडताळता येतं.

मल्टिमीटरची एकच गोष्ट आधी पक्की करा. लाल पिन दोन ठिकाणी बसते: एक व्होल्टची, दुसरी १० अँपिअरची. १० अँपिअरच्या भोकात लाल पिन ठेवून सॉकेटमध्ये टोकं घातली की थेट शॉर्ट होतो, मीटर हातात फुटतो. लाल पिन व्होल्टवर, काळी कॉमवर, डायल एसी ७५० किंवा ६०० वर, आणि मगच सॉकेट. आठवडाभर सकाळी सहाला, दुपारी आणि रात्री आठला आकडा वहीत लिहा. २०७ ते २५३ व्होल्टच्या आत असेल तर लाईनची चिंता सोडा. रब्बीत ओलिताचे पंप सुरू झाले की एकाच डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या घरांत तो १७०-१८० पर्यंत खाली येतो. फोनच्या चार्जरला त्यानं काही होत नाही, कारण त्यावर १००-२४० लिहिलेलं असतं. त्रास होतो तो मोटर, फ्रिज आणि तापणाऱ्या वस्तूंना.

खरा धोका उलट्या बाजूचा आहे. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, तर एका घरात दिवा मंद होतो आणि शेजारच्या घरात व्होल्टेज ३०० च्या वर जाऊ शकतं. पंखा अचानक पळायला लागला, एलईडी जास्त उजळला, तर आधी मेन स्विच पाडा, कारण साधा एमसीबी जास्त व्होल्टेजवर पडत नाही. तो फक्त जास्त करंट ओळखतो. त्यासाठी एमसीबीशेजारी बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर वेगळा मिळतो, आणि लाईन परत आल्यावर तो थोडा वेळ थांबूनच पुरवठा जोडतो. एकट्या टीव्हीला स्टॅबिलायझर लावण्यापेक्षा अख्ख्या घराला हा एक बसवणं मला शहाणपणाचं वाटतं. बसवायचं काम मात्र वायरमनचं.

न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेजही मोजा. दोन-तीन व्होल्ट असेल तर चालतं. दहा-पंधरा दिसलं, आणि घरातला लोड वाढवला की आणखी वाढलं, तर न्यूट्रलचा जोड किंवा अर्थिंग खराब आहे. काळ्या मातीची गंमत अशी की पावसाळ्यात ती अर्थिंगला उत्तम असते, पण मार्चनंतर भेगा पडतात आणि पाईपभोवती माती सुटते. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. अर्थिंग नसताना घेतलेलं सर्ज प्रोटेक्टरवालं एक्स्टेन्शन बोर्ड अर्धंच काम करतं.

आता पॉवर बँक. इथंच सगळ्यात जास्त फसवणूक होते आणि पकडायला हीच सगळ्यात सोपी. डब्यावर १०,००० एमएएच असं मोठ्या अक्षरात असतं. तो आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा. म्हणजे एकूण ऊर्जा ३७ वॅट-अवर. बाहेर येताना व्होल्टेज ५ करावं लागतं, त्यात दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात. उरतं साधारण ३१ ते ३३ वॅट-अवर, म्हणजे ५ व्होल्टवर सहा-साडेसहा हजार एमएएच. चांगल्या कंपन्या हा खरा आकडा मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापतात. ५,००० एमएएचच्या फोनला जवळपास १९ वॅट-अवर लागतात, त्यात चार्ज होताना फोनही थोडं खातो. म्हणून १०,००० च्या पॉवर बँकेनं फोन दीड वेळा भरला तर ती खरी आहे. "दोनदा भरत नाही, फसवलं" ही तक्रार बरोबर नाही.

तपासायची रीत अशी. पॉवर बँक पूर्ण भरा, तासभर गार होऊ द्या. यूएसबी टेस्टर लावा, त्याचा जुना आकडा बटण दाबून शून्य करा. साधा पाच व्होल्टवाला पोर्ट वापरा. फास्ट चार्जिंगच्या पोर्टवर व्होल्टेज ९ होतं आणि एमएएचचा आकडा फसवतो, तिथं वॅट-अवरच वाचायचे. ज्याची बॅटरी वीस टक्क्यांवर आहे असा फोन जोडा, तो भरला की दुसरा जोडा, पॉवर बँक बंद पडेपर्यंत. टेस्टरवर ३० वॅट-अवरच्या आसपास आलं तर ठीक. १५-१८ वर आटोपलं तर आत सेल अर्धेच आहेत. काही डब्यांत वजन वाढवायला लोखंडाचा तुकडा किंवा वाळूची पिशवी घातलेली निघते, त्यामुळं हातात जड लागली म्हणजे चांगली हा अंदाज सोडा.

घेण्याआधीची तपासणी त्याहून सोपी. पॉवर बँक, चार्जर, स्मार्ट घड्याळ या वस्तूंवर भारतात बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक सक्तीचा आहे. इंग्रजी आर, मग आठ आकडे. बीआयएस केअर या ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या कारखान्याला, कोणत्या वस्तूसाठी दिलाय ते दिसतं. आठवडी बाजारातल्या दोनशे रुपयांच्या चार्जरवर हा क्रमांक नसतो, किंवा असतो तो कुठल्या तरी भलत्याच वस्तूचा निघतो.

आणि केबल. फोन हळू चार्ज होतो म्हणून लोक चार्जर बदलतात, दोष केबलचा असतो. आतली तार २८ गेजची, म्हणजे बारीक असेल तर एक मीटर लांबीच्या जाण्या-येण्याचा रोध ०.४ ओहमच्या वर जातो. २ अँपिअरला ०.८ व्होल्ट तारेतच खर्च होतात, फोनपर्यंत जेमतेम सव्वाचार पोचतात आणि फोन स्वतःहून करंट कमी करतो. २४ गेजच्या जाड तारेत हीच घट ०.३५ च्या आसपास राहते. टेस्टर चार्जरजवळ न लावता केबलच्या फोनकडच्या टोकाला लावा आणि घरातल्या सगळ्या केबली एकेक करून बघा. अर्ध्या तासात दोन-तीन फेकायच्या निघतील.

फवारणीच्या पंपाकडं येऊ, कारण तुमच्या यादीतली सगळ्यात कामाची वस्तू तीच आहे. बहुतेक पंपांत १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची शिशाची बंद बॅटरी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात शेवटची फवारणी झाली, पंप तसाच खोलीत उभा केला, जूनमध्ये काढला तर बटण दाबूनही आवाज नाही. वापरात पंपाचं काही बिघडलेलं नसतं, आठ महिने पडून बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं. शिशाची बॅटरी भरलेल्या अवस्थेतच ठेवावी लागते आणि महिन्यातून एकदा चार्जरला लावावी लागते. चार्ज करून तीन-चार तासांनी मल्टिमीटरनं मोजा: १२.७ च्या पुढं म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. रात्रभर लावूनही १२.४ च्या वर जात नसेल तर नवीन बॅटरी टाका, दुरुस्ती शोधत बसू नका. चार्जर भरल्यावर आपोआप थांबतो का तेही बघा. दिवा हिरवा झाल्यावरही बॅटरीच्या टोकांवर १४.८ च्या वर व्होल्टेज तासन्‌तास टिकलं तर तो थांबत नाही, आणि अशा चार्जरवर रात्रभर ठेवलेली बॅटरी फुगते. बंद करण्याआधी टाकीत साधं पाणी भरून पाच मिनिटं पंप चालवा, गाळणी काढून धुवा. औषधाचा थर सुकला की आतला पडदा आखडतो, मग बॅटरी चांगली असूनही प्रेशर येत नाही.

लिथियमचं मात्र बरोबर उलटं. पॉवर बँक, स्पीकर, बड्स, घड्याळ महिनाभर वापरणार नसाल तर निम्मं भरून ठेवा. पूर्ण भरून टिनाखालच्या खोलीत ठेवलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते, पूर्ण रिकामी ठेवलेली खोल उतरते आणि परत चार्जच घेत नाही. ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करू नये असं बहुतेक बनवणारे सांगतात. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतलंच तापमान तिथं पोचतं, टिनाखाली त्याहून वर. तेव्हा उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री उशिरा, माठाजवळच्या गार कोपऱ्यात, कव्हर काढून करा. मोटरसायकलच्या डिकीत पॉवर बँक ठेवून दुपारभर बाजारात फिरणं बंद करा.

स्मार्ट घड्याळाबद्दल फार लिहीत नाही. पावलं आणि नाडी साधारण बरी दाखवतात. रक्तदाब आणि ऑक्सिजनवर अजिबात विसंबू नका. घड्याळ केळ्याला बांधा आणि मोजायला लावा. काही स्वस्त घड्याळं केळ्याचाही रक्तदाब १२०-८० दाखवतात. मागचा सेन्सर फक्त परावर्तित उजेड मोजतो, बाकी हिशेब अंदाजाचा. घरात कुणाला बीपी असेल तर दंडाला बांधायचं यंत्र घ्या.

पाणी आणि धुळीसाठी आयपी आकडा वाचायला शिका. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपीएक्स४ लिहिलं असेल तर पाण्याचे शिंतोडे चालतात, धुळीबद्दल कंपनी काहीच सांगत नाही. आपल्याकडं धूळ आणि कापसाची तूस हाच मोठा शत्रू आहे, म्हणून पहिला आकडा ५ किंवा ६ असलेलंच घ्या. बड्सपैकी एका कानाला आवाज कमी येतो तेव्हा दहातल्या आठ वेळा जाळीत मळ आणि तूस बसलेली असते. मऊ कोरड्या ब्रशनं, जाळी खाली धरून झाडा. टाचणी घालू नका.

सोलर कॅमेऱ्याच्या तक्रारी बहुतेक जागेच्या असतात. पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार २० अंशांच्या आसपास, आणि पंधरा दिवसांतून एकदा ओल्या फडक्यानं पुसणं. आठ-नऊ फुटांवर असा लावा की माणूस समोरून चालत येण्याऐवजी आडवा जाईल. हालचाल ओळखणारा सेन्सर आडवी हालचाल चांगली पकडतो. हा सेन्सर अंगाची उष्णता आणि मागच्या जमिनीची उष्णता यातला फरक बघतो. मे महिन्यात दोन्ही सारखी होतात आणि जवळून गेलेलं माणूसही त्याला दिसत नाही. तेव्हा लगेच कॅमेरा खराब म्हणून परत पाठवू नका, रात्री तपासा. रात्री इन्फ्रारेडच्या दिव्यांवर किडे येतात, कोळी जाळं विणतो, आणि ते जाळं हललं की फोनवर सूचनांचा पाऊस पडतो.

कार्डाचा हिशेब: १ एमबीपीएसनं सतत चित्रण केलं तर दिवसाला १०.८ जीबी लागतात. २ एमबीपीएसवर ६४ जीबीचं कार्ड तीन दिवसही पुरत नाही. आणि कार्ड खरं ६४ जीबीचं आहे का, ते आधी संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर चालवून बघा. खोट्या कार्डात आठ जीबीनंतरचं सगळं हवेत जातं, कॅमेरा मात्र लिहितोय असंच दाखवतो. घरातल्या वायफायवर कॅमेरा किंवा स्मार्ट दिवा जोडला जात नसेल तर राऊटरचा ५ गिगाहर्ट्झ बँड बंद करून २.४ वर प्रयत्न करा. या वस्तूंना बहुतेक वेळा तोच एक समजतो.

रेंज येत नाही म्हणून नेटवर्क बूस्टर घ्यावा का, हा पुढचा मोह असतो. घेऊ नका. परवान्याशिवाय मोबाईल सिग्नल बूस्टर लावणं बेकायदेशीर आहे आणि तो टॉवरला त्रास देऊन अख्ख्या गावाची रेंज बिघडवू शकतो. त्याऐवजी बाहेरचा अँटेना जोडता येतो असा सिमवाला राऊटर घ्या, अँटेना टॉवरच्या दिशेला उंच बांबूवर लावा, केबल शक्य तितकी आखूड. जूनच्या पहिल्या पावसांत वीज चमकायला लागली की अँटेना, डिश आणि राऊटर सगळ्यांच्या तारा काढून ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी ॲप आसपास वीज पडण्याची सूचना देतं, ते फोनमध्ये असू द्या.

स्वयंपाकघरातल्या यंत्रांचा हिशेब लाईनवर ठरतो. तापणाऱ्या वस्तूची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं उतरते. १४०० वॅटचा एअर फ्रायर १७० व्होल्टवर जेमतेम साडेसातशे वॅट देतो. मग वडे कुरकुरीत होत नाहीत, नुसते वाफतात. इंडक्शन शेगडी कमी व्होल्टेजवर एरर दाखवून बंदच होते. वहीतले रात्री आठचे आकडे २०० च्या खाली असतील तर या दोन्हींच्या नादी लागू नका. रोबोट झाडूवाला तर सारवलेल्या घरात आणि उंबरठ्यांच्या वाड्यात कशाला हवा, ते जाहिरातवाल्यांनाच ठाऊक.

आरओ घ्यायचा विचार असेल तर दोनशे रुपयांच्या टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर निर्णय घेऊ नका. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत टीडीएस चांगला, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, असं भारतीय मानक सांगतं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात आरओशिवाय गत्यंतर नसतं हे खरं. पण फ्लोराईड, नायट्रेट आणि जंतू हा मीटर दाखवत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांत फ्लोराईडच मुख्य प्रश्न आहे, तिथं प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या.

झटका मशीनचा, म्हणजे कुंपणाच्या तारेत झटका सोडणाऱ्या यंत्राचा उल्लेख तुम्ही केला नाहीत, पण रोही आणि रानडुकरं असलेल्या शिवारात पुढची खरेदी बहुधा तीच असेल. मशीन सेकंदाला साधारण एक, क्षणभराचा झटका देते, म्हणून जनावर पळतं, मरत नाही. ती नीट चालावी म्हणून अर्थिंगचे तीन गज लागतात, एक पुरत नाही, आणि तारेला गवत टेकता कामा नये. श्रावणात गवत वाढलं की सगळा झटका तिथंच जमिनीत जिरतो आणि लोक मशीनला शिव्या देतात. कुंपणाच्या शेवटच्या टोकाला चारेक हजार व्होल्ट मिळायला हवेत, ते कुंपणाच्या खास मीटरनंच मोजा. साधा मल्टिमीटर लावला तर जळेल. आणि तारेत थेट घरची लाईन सोडणं हा गुन्हा आहे. त्यात माणसं मेलीत, दरवर्षी मरतात.

खरेदीच्या वेळची दोन-तीन पथ्यं. पार्सल उघडताना पत्त्याच्या लेबलापासून वस्तू सुरू होईपर्यंत एकच सलग व्हिडिओ काढा. पोळ्याला किंवा दसऱ्याला उघडू म्हणून डबा ठेवू नका, परतीची मुदत सात-दहा दिवसांचीच असते आणि बऱ्याच वस्तूंना फक्त बदली मिळते. त्या मुदतीत वरच्या सगळ्या तपासण्या उरका. सर्व्हिस सेंटर यवतमाळला आहे की थेट नागपूरला, ते आधी बघा. हजाराच्या वस्तूसाठी दोनदा नागपूरचं भाडं परवडत नाही. बिल जीएसटीचं घ्या, दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. जुना फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय काढा आणि केवायएम, मोकळी जागा, तो पंधरा आकडी क्रमांक असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. चोरीचा किंवा ब्लॉक केलेला असेल तर कळतं. आणि हप्त्यावर गॅजेट नको. हप्ता दर महिन्याला कापला जातो, आपला पैसा वर्षातून दोनदाच येतो.

आता घरात पडलेल्यांचं. पंपाची बॅटरी मोजून बदला, बाकी पंप वर्षानुवर्षं चालेल. स्पीकर उघडता येत असेल तर आतला सेल तालुक्याच्या ठिकाणी बदलून मिळतो. कॅमेरा महिनाभर नव्या जागी लावून बघा. बड्स आणि घड्याळ दुरुस्तीला देण्यात अर्थ नाही, आतले सेल इतके लहान आणि चिकटवलेले असतात की मजुरी वस्तूहून जास्त होते. पॉवर बँक फुगली असेल तर आज रात्रीच घराबाहेर काढा: दाबू नका, टोचू नका, चार्जरला लावू नका. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू भरून त्यात ठेवा, डबा कापसाच्या गंजीपासून आणि पऱ्हाट्यांच्या ढिगापासून लांब, आणि जिल्ह्याला जाणं होईल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. उकिरड्यावर टाकली आणि कुणी उकिरडा पेटवला, तर ती फुटेल.